राजा न बसलेलं झाड

हॉपवेल, २ एप्रिल १९१३

अँब्रोस,

नमनाला घडाभर तेल घालायची मला सवय नाही, तेव्हा सरळच लिहिते. तू हल बंदरातली कारकुनी सोडलीस आणि समुद्राकाठी कुणा मिसेस गँडीच्या घरी एका खोलीत राहतोस, असं आपल्या मावसबहिणीकडून कळलं. ती म्हणाली, खोलीला खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीवर उघडते. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. तिची खिडकी बागेवर उघडते. ये आणि राहा.

अकरा वर्षं तू पत्र का टाकलं नाहीस ते मी विचारत नाही. माझं नववं पुस्तक तू पाकीट न फोडता परत पाठवलंस, वर लिहिलंस, 'यापुढे नको.' नको तर नको. मी पाठवलं नाही. पुढची तीन लोकांच्या भावांनी वाचली.

मी एकटी पडले म्हणून तुला बोलावतेय असं समजू नकोस. साठी उलटली तरी माझे हातपाय चालतात, आणि इथं बोलणाऱ्यांची इतकी वर्दळ असते की लिहायला सवड मिळत नाही. सकाळी यॅप दूध घालायला येतो तो फाटकाला टेकूनच उभा राहतो. आजच म्हणाला, "काय मिस ब्रॅबिन, आज कुठल्या राजाचं मुंडकं उडवलंत?"

मी म्हटलं, "अजून कुणाचं नाही. पण तू दुधात पाणी घालत राहिलास तर एक जागा रिकामी आहे."

तर म्हणतो, "पाणी कुठलं बाई, पाऊस आहे तो. गाय बाहेर उभी असते."

असं चालतं. शाळेच्या गोष्टींचा मला जरा कंटाळा आला होता म्हणून गेल्या वर्षी मुलांसाठी इंग्लंडचा इतिहास लिहिला. माझं स्पेलिंग दुरुस्त करायला प्रकाशकानं एक माणूस ठेवलाय, त्याचे केस पिकायला लागलेत म्हणे. वर नाव 'के. ब्रॅबिन' एवढंच असतं, म्हणून वाचणारे अजून 'प्रिय महाशय' म्हणून लिहितात. मी सुधारत नाही. त्या इतिहासातल्या एका ओळीवरून गावात थोडी कुरकुर झाली. विशेष काही नाही.

कधी येतोस ते कळव. सामान जास्त आणू नकोस.

केझिया


हॉपवेल, १९ एप्रिल

अँब्रोस,

पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस. इथलं पोस्ट नीट चालतं. मिसेस प्रीस आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून स्वतः शिक्के मारते, एका हातात शिक्का नि दुसऱ्या हातात बिस्किट. आज या पत्राचं तिकीट घेताना म्हणाली, "परत भावालाच? पहिल्या पत्राचं उत्तर आलं का?"

"आलं नाही ते तुला माहीत आहे. टपालाची पिशवी तूच उघडतेस."

"मी नुसते पत्ते वाचते हो. पोस्टकार्डांचं सोडा, ती उघडीच येतात. डोळे काय काढून ठेवू?"

हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

त्या ओळीचं तुला सांगायचं राहिलं. आपल्या गावातल्या हिरवळीवरचा ओक तुला आठवत असेल. चार्ल्स राजा सैनिकांपासून पळत होता तेव्हा एका ओकमध्ये लपला. ते झाड तिकडे वर आहे, सगळ्या इंग्लंडला ठाऊक आहे. पण हॉपवेलवाल्यांचं म्हणणं, दुसऱ्या रात्री तो आपल्या झाडावर येऊन बसला. शेजारचा जोडीचा ओक गेल्या वर्षी वादळात पडला, तेव्हा मी गुडघे टेकून त्याच्या खोडावरची वर्तुळं मोजली, वर्षाला एक. राजाच्या काळाशी जमेना, सपशेल जमेना. मग पुस्तकात लिहिलं: 'ज्या ज्या गावात राजाचा ओक आहे त्या सगळ्या झाडांवर राजा बसला असता, तर तो अजून खाली उतरला नसता. आमच्या हॉपवेलचं झाड तेव्हा एवढं बारीक होतं की राजा चिमणीएवढा असता तरच त्यावर बसला असता.'

यॅपच्या पोरीनं, डॉर्कसनं, हे शाळेत मोठ्यानं वाचलं. नेमके त्या दिवशी पाद्रीबाबा मुलांची वाचनपरीक्षा घ्यायला आले होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे चहाला आले. म्हणाले, "मिस ब्रॅबिन, मुलांचं पुस्तक आहे. एक राजा एक रात्र एका झाडावर बसला तर कुणाचं काय बिघडतं?"

"बिघडत काहीच नाही. पण तो बसला नव्हता."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही होतात तिथं?"

"तुम्हीही नव्हतात. आणि झाडही बसण्याएवढं नव्हतं."

ते हसले, केकचा दुसरा तुकडा घेतला. मग म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ काढा. गाव विसरेल."

मी म्हटलं, खोटं ते खोटं. मुलांना खोटं देऊन मी पोट भरत नाही.

बस, एवढंच झालं. ओळ मी काढणार नाही, आणि गावही विसरलंय. कालच यॅप मला कोबीची रोपं देत होता. नको म्हणून मीच परत पाठवली.

दोन ओळींचं उत्तर लिहायला किती शाई लागते?

केझिया


हॉपवेल, ६ मे

अँब्रोस,

तुझं कार्ड मिळालं. 'मागची खोली कोरडी आहे का?' अकरा वर्षांनी एवढंच सुचलं तुला. असो, सुचलं तरी.

कोरडी आहे. शेगडी धूर करत नाही. पलंग वडिलांचा, त्याची एक फळी करकरते. जिने चढायला नकोत, खोली खालीच आहे. मी सकाळी लिहिते तेव्हा कुणी बोललेलं मला चालत नाही. मटण रविवारी, इतर दिवशी उकडलेलं काहीतरी. तुला वाटाणे चालत नसत, अजून चालत नसतील तर बाजूला काढून ठेवत जा.

आता माझं काम. प्रकाशक मागे लागलाय की इतिहास पुरे, परत शाळेची गोष्ट द्या. मुलं विचारतात म्हणे. माझ्याजवळचा माल संपलाय. तुला ठाऊकच आहे, मी दहाव्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्या किराण्याच्या दुकानात उभी राहिले. वडिलांनी तुला ठेवलं ती मोठी निवासी शाळा मी पाहिली ती तुझ्या पत्रांतून. दर सोमवारी पत्र यायचं आणि मी चिजाच्या पाटामागे उभी राहून वाचायची, गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं. पांघरुणात लपवलेले सार्डिनचे डबे, छपरावरून पळणं, शेवटच्या चेंडूवर जिंकलेली मॅच. त्या जाड्या पिल्बीमनं चर्चच्या ऑर्गनच्या नळीत चीज लपवलं, आणि प्रार्थनेला सूर लागेना. नावं बदलून बारा पुस्तकं काढली मी त्यातून. पण त्या चिजाचं पुढं काय झालं ते तू कधी लिहिलंच नाहीस. पिल्बीम सापडला का? त्याला शिक्षा झाली की दुसऱ्यानं आपल्या अंगावर घेतली? तेवढं आठवून सांग, पुस्तक होईल.

आणि येणारच असशील तर २९ मेच्या आत ये. राजाचा दिवस, तो परत गादीवर आला तो, इथं अजून तसाच जोरात होतो. मुलं पहाटेच ओकची पानं तोडतात. टोपीत नाहीतर छातीवर पान नसलं, की बारा वाजेपर्यंत मुलं खाजकोलतीचे झुपके घेऊन पायांवर सपासप मारतात. बायका नाहीत की म्हातारे नाहीत, कुणाला सोडत नाहीत. गेल्या वर्षी पोलिसाला मारलं. यॅप म्हणतो, "मिस ब्रॅबिन, यंदा तुम्ही पान लावणार की पँट घालणार?" मी म्हटलं, दोन्ही नाही, मी बूट घालणार.

मजा असते. ये.

केझिया


हॉपवेल, १८ मे

अँब्रोस,

तुझं मोठं पत्र वाचलं. एकदाच वाचलं, परत वाचणार नाही.

पिल्बीम नावाचा मुलगा नव्हताच म्हणतोस. चीज नव्हतं. सार्डिन नव्हते. मॅच तू लांबून बघायचास, कारण तुला कुणी संघात घेत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात जेवताना ताटात चीज आलं आणि तू कौतुकानं सांगितलंस, "हेच चीज माझे वडील विकतात, दुकानात स्वस्त मिळेल." झालं. साहेबांच्या पोरांत वाण्याचा पोर. त्या संध्याकाळी तुला कॉव्हेंट्रीला पाठवलं, म्हणजे तुझ्याशी बोलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं, आणि शाळा सुटेपर्यंत कुणी बोललं नाही.

माझ्या निम्म्या पुस्तकांत कुणी ना कुणी कॉव्हेंट्रीला जातो. आठवडाभर जातो. मग मॅच जिंकतो आणि सगळे त्याला खांद्यावर घेतात. असं मी लिहिलंय आणि मुलांनी वाचलंय. तुझ्यासारखी किती मुलं ते वाचून शाळेत गेली असतील आणि आठवडा संपायची वाट बघत बसली असतील, हे तू लिहायला नको होतंस. ते माझं मला सुचलं असतं.

आणि म्हणे, नवीन पुस्तक आलं की तुला वाटायचं केझ पुढचं विचारणार, आणि आणखी बनवावं लागणार. म्हणून परत पाठवलंस. इतकी वर्षं. अरे, सांगायचं होतंस. एका ओळीचं काम होतं.

पण तुझ्या पत्राच्या शेवटाचा मला राग आलाय. लिहितोस, 'तुझा दूधवाला फार छान बोलतो, केझ. पोस्टातली बाईही. गिऱ्हाइकं आणि पोरं खरी बोलतात तेव्हा निम्मं कळत नाही, मध्येच खोकतात, तेच तेच सांगतात. तुझ्या पत्रात कुणी खोकत नाही. पिल्बीमही कधी खोकला नाही. गावात तुझ्याशी कोण बोलतं?'

हा मूर्खपणा आहे. म्हातारपणी माणसं अशी होतात. समुद्राच्या वाऱ्यानं तुझ्या डोक्यात ओल शिरली असेल. माझ्याशी सगळे बोलतात.

यायचं नसेल तर नको येऊस. खोली मी बटाट्यांना देईन.

के. ब्रॅबिन


हॉपवेल, २९ मे, दुपार

अँब्रोस,

जेवणाआधी लिहिते, नंतर लिहिणार नाही.

आज मी पान न लावता बाहेर पडले. मुद्दाम. बूट नाही घातले, घरातल्या सपाता घातल्या आणि पातळ मोजे. टोपीही साधी, रिबन नाही, काही नाही. लांबूनसुद्धा दिसेल असं.

रस्त्याच्या त्या टोकाला मुलांचा घोळका होता. सगळ्यांच्या टोप्यांत पानं, हातांत खाजकोलती, हाताला पोती गुंडाळलेली. पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीनं पान उलटं लावलं होतं, तेवढ्यावरून तिला घेरलं. ती किंचाळत विहिरीभोवती पळत होती आणि हसत होती. मी सरळ त्यांच्याकडे चालत गेले.

मुलं बाजूला झाली. मधून वाट करून दिली. डॉर्कस यॅप सगळ्यात पुढं होती. तिनं झुपका पाठीमागे घेतला आणि खाली बघत राहिली. मी थांबले. मी म्हटलं, "डॉर्कस, माझ्याकडे पान नाही." तिनं आपल्या आईकडे पाहिलं. आई फाटकात उभी होती. मग डॉर्कस वळली आणि सगळी तिच्यामागे गेली.

मी हिरवळीवर त्या ओकखालच्या बाकावर जाऊन बसले. चर्चचं घड्याळ बाराचे टोले देईपर्यंत बसले. बारा वाजले की पानं काढून टाकायची असतात, ती लोकांनी काढली, माझ्या समोरून घरी गेले. माझ्या पायांना काही झालं नाही.

तर आता ऐक. यॅप फेब्रुवारीपासून दुधाचं भांडं भिंतीवर ठेवतो आणि मी दार उघडायच्या आत निघून जातो. कोबीची रोपं नव्हती. मिसेस प्रीस पैसे उचलते, तिकीट समोर ठेवते आणि मागच्या खोलीत जाते. तिला बिस्किटं आवडतात की नाही ते मला माहीत नाही. पाद्रीबाबांचं मात्र खरं होतं. तेही फेब्रुवारीतलं. त्यानंतर ते रस्त्यात टोपी उचलतात, पण चालता चालता. तो चहा झाल्यापासून माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी खुर्चीत बसलं नाही. कधी कधी दुपारी मी लिहिलेली पानं मोठ्यानं वाचते. स्वल्पविराम बरोबर पडलेत का बघायला, असं स्वतःला सांगते. स्वल्पविरामाचं मला काय कळतंय.

ती ओळ खरी आहे, ती राहील. पिल्बीम खोटा आहे, तोही राहील. नाव बदलून छापून झालाय. प्रकाशकाला आज लिहिलं की शाळेची गोष्ट मिळणार नाही. कारण दिलं नाही.

तुला लिहायला बसले की माणसं आपोआप बोलायला लागायची. यॅप फाटकाशी येऊन उभा राहायचा. त्याला थांबवणं मला जमायचं नाही. तुझं तसंच व्हायचं का? तू अकरा वर्षांचा होतास.

ये म्हणते. मागच्या वेळी लिहिलं ते रागानं लिहिलं. बटाटे दुसरीकडे मावतात. इथं आलास तर गाव तुझ्याशीही बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ब्रॅबिन नावाचं दुसरं माणूस त्यांना चालणार नाही. तुला ते पहिल्यांदाच होईल असं नाही, पण यावेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी असेन. बनवून सांगायला काही नको. काही घडलं नसेल तर घडलं नाही म्हणायचं आणि जेवायचं.

दूध उतू गेलं. थांबते.

केझ


हॉपवेल, १० जून

अँब्रोस,

कार्ड मिळालं. शनिवार चालेल.

स्टेशनवर भाड्याची गाडी मिळत नाही. सामान आणायला गावात एकच गाडी आहे, यॅपची. काल तो भिंतीवर भांडं ठेवत असताना मी दारामागे उभी राहिले होते. दार उघडलं आणि म्हटलं, "शनिवारी दुपारच्या आगगाडीनं माझा भाऊ येतोय. त्याची ट्रंक आणायची आहे."

तो हातात झाकण धरून उभा राहिला. मग खोकला. बराच वेळ खोकला, तंबाखूचा खोकला आहे त्याला. झाकण लावलं आणि गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यामुळे गाडी येईल की नाही ते मला सांगता येत नाही.

तेव्हा ट्रंक जड भरू नकोस. पुस्तकं असली तर मिसेस गँडीकडे ठेव, मागाहून मागवू. मी फलाटावर असेन. मी म्हातारी झालेय, ओळखायला वेळ लागेल, पण त्या आगगाडीला दुसरं कुणी येत नाही. यॅप आला तर गाडीत बसू. नाही आला तर ट्रंक स्टेशनमास्तरकडे टाकू, तू काठी आण, आणि चालत येऊ.

चढ आहे. बोलायचं नाही, दम लागतो. घरी पोचलो की बघू.

केझ